भोंगाकाकांचं भांडणयंत्र

गोदामाच्या आवारात ट्रक मागे घेताना "येऊ दे, येऊ दे, डावीकडे मार... बास!" असं ओरडण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला लोक भोंगा म्हणणार नाहीत तर काय कोकिळा म्हणणार? भोंगाकाकांच्या एका आरोळीला ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. मग घशात गाठ आली, ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. गोदामवाल्यांनी त्यांना एक शिट्टी दिली. चला, पोटापाण्याचं भागलं.

पण घरी? शिट्टी फुंकून बायकोशी भांडता येतं का, तुम्हीच सांगा!

खरी पंचाईत तिथेच होती. काका-काकूंचा संसार म्हणजे दोन्ही बाजूंनी तोंडाचा पट्टा. आणि आता काकू भांडेचनात. पलंगावर ओला टॉवेल पडलेला दिसला, तर गुपचूप उचलायच्या. "असू दे हो, तुम्ही पडून राहा," म्हणायच्या, तेही पाहुण्याशी बोलावं तसं गोड. काकांना तो गोडवा औषधापेक्षा कडू लागायचा. आपण आता नवरा राहिलो नाही, पेशंट झालो, हे त्यांना आतून खात होतं.

काकांना एक जुनी खोड होती. बोटभर मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे इवलासा कॉम्प्युटरच, आणायचा आणि त्याला तारा जोडत बसायचं. पाण्याची टाकी भरली की बोंबलणारी घंटा त्यांनीच केली होती. टाकी रिकामी असतानाही ती बोंबलायची, ते सोडा. आता त्यांनी ठरवलं, ह्या बोर्डालाच बोलायला लावायचं. मोडक्या खेळण्यातला स्पीकर डब्यात बसवला. एकेक उच्चार आकड्यांत लिहून, उच्चाराला उच्चार चिकटवून शब्द केले. पहिला शब्द बाहेर पडला तेव्हा काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"अहो, डब्यात मांजर अडकलंय का?"

काकांनी पिच्छा सोडला नाही. पण बोर्डाची अक्कल ती केवढी! सातच वाक्यं मावली त्यात. बटणही एकच, दाबलं की पुढचं वाक्य. काकांना त्याची फिकीर नव्हती. बायको कशानंतर काय बोलते हे त्यांना तोंडपाठ होतं. त्याच क्रमानं त्यांनी आपली उत्तरं भरून ठेवली.

रविवारी सकाळी त्यांनी मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर पसरला आणि डबा मांडीवर घेऊन बसले. काकू आल्या, काही न बोलता टॉवेलकडे हात गेला. काकांनी बटण दाबलं.

"तुझ्या माहेरचे सगळे असेच," डबा सपाट आवाजात म्हणाला.

काकूंचा हात हवेतच राहिला. "माझ्या माहेरच्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"आवाज चढवू नकोस."

"मी? मी आवाज चढवते?" चढलाच होता. काकांचं काळीज सुपाएवढं झालं.

आता टॉवेलची पाळी. पण काकू टॉवेल ओलांडून भलतीकडेच गेल्या. "आणि ती टाकीची घंटा! शेजारी नावं ठेवतात!"

"टॉवेल काय खातोय का तुला?" डबा म्हणाला.

"टॉवेलचं कोण बोलतंय? मी घंटेचं बोलतेय!"

"मीठ जास्तच होतं."

"कशात? अजून गॅससुद्धा पेटवला नाही मी!"

काकांना घाम फुटला. जन्मभर ट्रक मागे घेणारा हा माणूस, पण यंत्राला मागे जायची सोय ठेवायला साफ विसरला होता! ते घाबरून बटण दाबत सुटले.

"मी काही बोललो का?"

"बंद करा ते डबडं!"

"जा, बोलूच नकोस माझ्याशी."

"नाहीच बोलणार! आजारी आहात म्हणून इतके दिवस ऐकून घेतलं मी!"

"बरं बाई. चूक माझी."

हे वाक्य काकांनी आवाज होता तेव्हा एकदाही उच्चारलं नव्हतं. काकू हळूच पलंगावर टेकल्या, डोळे पुसले.

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

काकांनी खुशीत बटण दाबलं.

"तुझ्या माहेरचे सगळे असेच," डबा म्हणाला.

ओला टॉवेल सप्पकन काकांच्या तोंडावर बसला. काकूंनी पाय वर घेतले आणि ऐसपैस मांडी ठोकली.

"दाबा पुढचं! शेवटचं ऐकल्याशिवाय मी काही इथून उठत नाही."