भाभींच्या नावाखाली

मळमळलं की मी आल्याचा तुकडा दाढेखाली धरते. मध्यंतरी महिनाभर घरात आलं म्हणून टिकलं नाही, आणि पोटाला तर काही झालेलं नव्हतं. मळमळ मोबाइलमुळं होती. हसू नका, सांगते.

मी बारामतीत राहते. शाळा सातवीत सुटली, पण लेकीनं टाकून दिलेल्या लॅपटॉपवर मी आपली आपण टाइप करायला शिकले आणि ब्लॉग लिहायला लागले. काय लिहिते? जे बोलते तेच. वाचणाऱ्या बायका मला मावशी म्हणतात. दुसऱ्यांचं वाचायचीही मला भारी हौस, आणि त्यासाठी फीडसारखी सोय नाही. ज्याचं लिखाण आवडतं त्याच्या साईटचा पत्ता एकदा फीड रीडरमध्ये घालायचा, की संपलं. मग आपण रोज दहा दारं हिंडायची गरज नाही. त्यानं नवं काही लिहिलं की ते दुधाच्या पिशवीसारखं आपल्या दारात येऊन पडतं आणि त्याचं नाव यादीत ठळक होतं. मधे कुणी कंपनी नाही, 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून गळ्यात मारलेलं काही नाही.

माझ्या यादीत सगळ्यात लाडकं नाव होतं इंदापूरच्या भाभींचं. त्यांचं बांगड्यांचं दुकान. भाचीच्या लग्नाचा चुडा भरायला गेले तेव्हा ओळख झाली. भाभी हाताची बोटं अशी चेपायच्या की दोन नंबर लहान बांगडीसुद्धा न दुखता मनगटात उतरायची. गल्ल्याखाली एक वही होती. कुणाचा हात कसा होता ते त्या वहीत लिहून ठेवायच्या. ऊस तोडणारीचा हात, पहिल्यांदा माहेरी आलेलीचा हात, सासूनं धरून आणलेलीचा घामेजलेला हात. मी म्हटलं, "भाभी, हे वहीत कुजवू नका." त्यांच्या परगावच्या भाच्यानं साईट काढून दिली, स्वतःच्या पत्त्याची. प्रत्येक लेखाची सुरुवात ठरलेली: 'मैत्रिणींनो, हात पुढं करा.' लिहून झालं की मला फोन. "पडलं का तुमच्या दारात?"

"पडलं की, वाचूनसुद्धा झालं."

माझ्या ब्लॉगच्या कडेला मी एक यादी लावली होती, 'मी हे वाचते' म्हणून. तीही फीडवरच चालायची. कुणी नवं लिहिलं की त्याचं नाव आणि लेखाचा मथळा आपोआप वर यायचा. आपल्या माणसाच्या लिखाणाला एवढा तरी हातभार. माझ्याकडं आलेल्या बायका तिथून भाभींकडं जायच्या. बावडा, अंथुर्णे अशा आसपासच्या गावांतल्या दहाबारा जणींना तर मी फोनवर बसून फीड घालायला शिकवलं होतं.

गेल्या वर्षी भाभी गेल्या. चार दिवसांचं दुखणं. यादीतलं त्यांचं नाव मी काढलं नाही. खाली, बारीक अक्षरात राहू दे म्हटलं, कुणाचं काय खातंय?

आणि एका सकाळी ते नाव ठळक झालं.

चहा पुढ्यात तसाच राहिला. वाटलं, वहीतलं काहीतरी राहिलं असेल, ते सुनेनं टाकलं असेल. उघडलं. 'मैत्रिणींनो, हात पुढं करा. हिरव्या चुड्याचा आजचा लकी आकडा सोबत दिला आहे. पहिल्या डावावर बोनस मिळवा.' वर भाभींच्याच दुकानातल्या बांगड्यांचा फोटो. तिसऱ्या ओळीत तर 'नवरीचा हात थंडगार असतो' हे त्यांचं वाक्य जसंच्या तसं, आणि त्याला चिकटून पैसे लावायचं बटण. पितरांच्या पानात कुणीतरी थुंकावं, तशी शिसारी आली मला.

ह्या बाईनं लॉटरीवाल्याला आपल्या पायरीवर टेबल लावू दिलं नव्हतं. भाडं देतो म्हणत होता. "माझ्या पायरीवर नशीब विकायचं न्हाय," म्हणाल्या होत्या, आणि वर त्याच्या बायकोसाठी डझनभर बांगड्या देऊन वाटेला लावला होता.

मी मोबाइल पालथा घातला आणि भांडी घासत बसले. दुपारी अंथुर्ण्याहून एकीचा फोन. "मावशी, भाभी वारल्या म्हणला व्हता न्हवं तुमी?"

"व्हय गं."

"मग ह्ये आकडं कोण सांगतंय? तुमच्याच साईटवर हाय की, सगळ्यात वर."

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती कडेची यादी! सकाळपासून माझ्याच दारावर ती घाण भाभींच्या नावानं टांगलेली होती आणि मी आत भांडी घासत होते. अख्खी यादीच उपटून टाकली. पण संताप कुणावर तरी काढायचा होता. तो भाभींच्या सुनेवर निघाला.

दुसऱ्या दिवशी इंदापूरची एसटी धरली. सून दुकानात एकटीच होती, बांगड्यांच्या पेट्या पुसत. मी चप्पलसुद्धा काढली नाही. "केवढ्याला विकलं गं सासूचं नाव?"

तिनं फडकं खाली ठेवलं, तांब्या पुढं केला. "मावशी, आधी पाणी प्या. मग शिव्या द्या."

मोबाइल दाखवला. ती वाचत गेली आणि तिचं तोंड आंबट झालं, मग पांढरं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिथूनच भाच्याला फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. साईटचा पत्ता कायमचा आपला नसतो, दरवर्षी पैसे भरून नव्यानं घ्यावा लागतो. त्याच्या सूचना भाभींच्या ईमेलवर येत राहिल्या. "आणि अम्मींचा फोन आमी कपाटात ठेवलाय," सून म्हणाली. "चष्म्याशेजारी. चार्ज बी केला न्हाय कधी. कुणाचा जीव झाला न्हाय." मुदत संपली, पत्ता मोकळा झाला, आणि असे मोकळे पत्ते हुंगत फिरणाऱ्या कुणीतरी तो उचलला. जुनं लिखाण चोरून, फीडची वाटही तीच ठेवली. म्हणून ज्यांनी ज्यांनी भाभींना मायेनं यादीत घातलं होतं, बरोबर त्यांच्याच दारात हा उकिरडा पडायला लागला. मेलेल्या जनावराचं कातडं कामाला तरी येतं. हे तर मेलेल्या बाईचं कातडं पांघरून दारोदार हिंडत होते.

मी सुनेचा हात धरला. "चुकलं बाई माझं."

"माझं ऱ्हाऊ द्या. अम्मींचं नाव तिथनं काढा. सगळीकडनं."

पत्ता तर परत मिळणार नव्हता. साईटवाल्यांकडं तक्रार भाच्यानं केली, तिचं उत्तर अजून यायचंय. पण माझ्या रीडरमध्ये भाभींचे जुने लेख जसेच्या तसे साठलेले होते, त्या घाणीच्या खाली. दोघींनी बसून ते एकेक वर काढले आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतले. मी म्हटलं, माझ्या ब्लॉगवर टाकूया. सून मान हलवायला लागली. "नको मावशी. परत कुणी उचललं म्हंजे? कागदावर असू द्या. दुकानात ठेवीन, बायका वाचतील." मला पटलं नाही, पण सासू तिची. कागद तिच्या हातात दिले आणि तिच्यासमोर रीडरमधून भाभींचं नाव काढलं. 'खात्री आहे का?' असं विचारलं मेल्या यंत्रानं.

घरी आल्यावर आठवडाभर एकेकीला फोन लावत राहिले. जिला जिला मी शिकवलं होतं तिला तिला. असं झालंय, भाभींचं फीड काढा. बायका हळहळल्या, लगेच काढलं. शेवटचा फोन बावड्याला.

"म्या काढते की मावशी. पण आमच्या ह्यांनी त्यांच्या मोबाइलवर बी घालून घेतलंय."

"त्यांना गं कशाला बांगड्या?"

"बांगड्या न्हाय वो. रोज सकाळी भाभींचा आकडा बघत्यात. परवा लागला बी." आणि ती हसली. "म्हनत्यात, बाई गेली, पर हात गुणाचा हाय."

मी आल्याचा तुकडा दाढेखाली सरकवला. म्हटलं, "दे त्यांना फोन."

"आत्ताच जेवून आडवं झाल्यात मावशी."

"उठव," म्हटलं.