खरखर आधी, गडगड मग

नवरा गेला त्या साली मी माझ्या शेतात मिरची लावली होती. जेठाने, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, सासूला सांगून ठेवलं होतं, "अवंदा मिरची घरात आली तर ठीक, नाही तर शेत मी कसीन. बाईमाणसाच्याने होत नाही." सासूने ते मला सांगितलं.

आमच्याकडे मिरची तोडून खळ्यावर उन्हात पसरतात. लाल झाली की दहा-बारा दिवस वाळते. त्यात पाण्याचा एक शिंतोडा पडला तर काळे डाग पडतात, बुरशी येते, मग कोणी हातही लावत नाही. माझं खळं शेजारच्या गुजरांच्या घराला लागून होतं. त्यांच्या ओट्यावर रेडिओ असायचा. त्यांची धाकटी सून सुरतेकडची, मॅट्रिक झालेली. मी तिला भाभी म्हणायची, ती मला बेन, म्हणजे बहीण. तिनेच एकदा सांगितलं होतं, लांब वीज चमकली की रेडिओत कडकडतं.

एका सकाळी रेडिओ खरखरायला लागला, थांबेचना. मला वाटलं, आलं पाणी! मी एकटीने पूर्ण खळं गोळा केलं, पोत्यांनी झाकलं. कंबर मोडली. आभाळ मात्र धुतल्या ताटासारखं स्वच्छ.

भावजयीशी जेठाने थेट बोलायची रीत आमच्यात नाही. म्हणून तो माझ्या समोरून जाताना बैलाशी बोलला, "ऐकस का रे बैल्या? आते डबडा खेती करी ऱ्हायना!" डबडा म्हणजे रेडिओ; आता म्हणे तोच शेती करतोय.

मी पदर ओढून उभी राहिले. भाभीला मात्र हसू आलं.

"बेन, ती वीज नव्हती. काल आमच्या विहिरीवर पाण्याची मोटर बसली ना, तिच्यातून ठिणग्या उडतात. त्याची खरखर एकसारखी, भुंग्यासारखी. विजेची तशी नसते. एकदम कडाक्, मग गप्प."

"आणि संध्याकाळी रेडिओतलं गाणं मोठं-बारीक होतं ते?"

तिने मला गुरांच्या हौदाकडे नेलं. दोन हातांनी दोन खडे एकदम टाकले. दोन्हीकडून गोल लाटा निघाल्या, एकमेकींना भिडल्या. कुठे पाणी जास्त उसळलं, कुठे जागच्या जागी गप्प राहिलं.

"एकच टेशन, पण अंधार पडला की दोन वाटांनी येतं. एक जमिनीवरून, एक आभाळावर आपटून. दोन्ही भेटतात तिथे कधी एकमेकांना उचलतात, कधी दाबतात. लग्नात दोन भोंगे लावले तर मांडवात कुठे आवाज मोठा लागतो, कुठे बारीक, तसंच. आवाज काय, रेडिओ काय, दोन्ही लाटाच."

"मग फरक काय?"

"आवाजाला हवा लागते. हवेला ढकलत ढकलत येतो, म्हणून मागे राहतो. रेडिओची लाट उजेडाची सख्खी बहीण. तिला हवा लागत नाही. वीज चमकली की त्याच घडीला रेडिओत कडकडतं. गडगड चालत चालत मागून येते."

म्हणजे कडाक् ते गडगड जितकं कमी मोजावं, तितकी वीज जवळ. मला वीसपर्यंत मोजता यायचं. तेवढं पुरलं.

आठ दिवसांनी दुपारी रेडिओत कडाक् झालं. मग गप्प. मग पुन्हा कडाक्. मोटर बंद होती, मी आधी तेच विचारलं. ऊन कडक होतं, फक्त सातपुड्याकडे थोडं धुरकट. मोजत बसले तर गडगड ऐकूच येईना. म्हणजे लांब होतं, पण होतं. मी सूप घेतलं आणि मिरच्या ओढायला लागले. जेठाच्या खळ्यावरचे गडी बघून हसले.

निम्मं खळं झालं तेव्हा पहिली गडगड आली. कडाक् झाल्यापासून वीस दोनदा मोजले होते. पुढच्या वेळी वीस आणि वर दहा. मग नुसते वीस.

"भाभी, येतंय हो!"

ती पदर खोचून धावत आली. ताडपत्रीचं एक टोक तिने धरलं, एक मी. दगड ठेवेस्तोवर कडाक् आणि गडगड यांत आठच उरले होते. मग पाणी असं कोसळलं की समोरचं लिंबाचं झाड दिसेना. आम्ही दोघी ओट्यावर ओल्याचिंब, मिरचीच्या ठसक्याने शिंकत होतो, हसत होतो.

दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढली. खालचा ढीग कोरडा, खडखड वाजणारा. जेठाची निम्मी मिरची भिजली होती. दुपारी जेठाणी, माझी थोरली जाऊ, टोपली घेऊन आली, खाली मान घालून म्हणाली, "तुन्हा खळावर जागा शे का व? आमना खळामा चिखल व्हयना."

मी माझी मिरची एका बाजूला सारली. दोघींनी मिळून तिची पसरली. चार दिवस आम्ही एकाच खळ्यावर मिरच्या उलटत होतो. मग माझी वाळलेली मिरची पोत्यांत भरून मी घरात आणली. माझ्या मिरचीतली चांगली मोठी फळं निवडून मी बियाणं काढलं आणि पुढच्या साली त्याच शेतात रोप टाकलं.