र चा ड

मला तिचा हेवा वाटायचा. इस्लामपूरच्या वसतिगृहात आम्ही दोघी एकाच खोलीत, दोघी आटपाडीकडच्या. ती फासेपारध्याची, मी धनगराची. बारावीला मला तिच्यापेक्षा चांगले मार्क पडले, पण डी.एड.ला नंबर लागणार तिचा, हे निकालादिवशीच कळत होतं. तिची जात घटनेच्या आदिवासींच्या यादीत होती. आमची भटक्यांत. त्या यादीत 'धनगड' होतं, आणि आमची माणसं म्हणायची, ते आपणच, फक्त र चा ड झालाय.

एका अक्षरापायी माझा जळफळाट व्हायचा. आमच्या आज्याची सगळी हयात मेंढरांमागं गेली, आम्ही काय बंगल्यात वाढलो होतो?

जातीचे दाखले काढायला आम्ही दोघी मिळूनच तहसीलला निघालो. आदल्या दिवशी मी शाळा सोडल्याचा दाखला घेतला आणि निळ्या शाईनं र ला पोट काढून त्याचा ड केला. चांगला जमला, असं मला वाटलं.

कारकुनानं कागद उजेडात धरला. "बाई, बाकीची शाई दोन वर्सांची, आन् ह्ये पोट कालचं हाय व्हय?"

रांगेतली सगळी हसली. मी कानापर्यंत तापले.

"आवं साहेब, चुकलं तिचं, जाऊ द्या," ती मधे पडली आणि तिनं आपला कागद पुढं केला. कारकुनानं जात वाचली. टेबलावर काढून ठेवलेलं मनगटी घड्याळ त्यानं उचललं, हातात बांधलं, आणि मग शांतपणे तिचा अर्ज तपासायला घेतला. तिनं ते पाहिलं. मीही पाहिलं. तरी माझ्या मनात आलं ते एवढंच, की हिचा अर्ज घेतला, माझा नाही.

बाहेर स्टँडवर एसटीची वाट बघताना मी फुगूनच बसले होते. "तुजं बरं हाय गं," मी म्हणाले. "आयतं मिळतंय."

ती हसली नाही. "मग आदलाबदल करू. तुजा र मला दे, माजा कागद तू घे. पन त्येच्याबरुबर, चोर समजून उचललेलं घड्याळ बी तुलाच बघावं लागंल. शाळंत, दुकानात, एसटीत. रोज."

"नको," मी म्हणाले. ते इतकं पटकन तोंडातून निघालं, की माझी मलाच लाज वाटली.

तिनं पिशवीतल्या शेंगा काढल्या आणि अर्ध्या माझ्या ओंजळीत घातल्या.

महिन्याभरानं सांगलीत यादी लागली. तिचं नाव होतं, माझं नव्हतं. भिंतीपुढं उभी राहून मी पुन्हा तशीच जळले, स्टँडवर मी 'नको' म्हणालेच नव्हते जणू.