बाबांच्या पसंतीचा पुरावा

थोरलीचं काम विचाराल, तर आजाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं, तेही आजाऱ्याचं तोंड न बघता. डॉक्टरांनी कुणाला कोणता उपचार सुचवावा, याचे नियम करणारी एक समिती होती. त्या समितीला ही जगभरचे अभ्यास वाचून सांगायची, की रुग्णांना अमुक आवडतं नि तमुक नको असतं. एकच अभ्यास दोघांनी वेगवेगळा वाचायचा, एकमेकांच्या कागदात डोकावायचं नाही, मतं जुळली नाहीत तर तिसऱ्याला बोलवायचं. शिस्तच अशी, की रुग्णाची काय बिशाद मध्ये तोंड घालायची.

अशात तिच्या बाबांची मूत्रपिंडं थकली. दिवसाआड दवाखान्यात जाऊन डायलिसिस करून घ्यावं लागे. डॉक्टर म्हणाले, पोटात नळी बसवली तर हेच घरीही करता येईल, काय ते ठरवून सांगा.

थोरलीला हुरूपच आला. तिने धाकट्या भावाला समोर बसवलं. बाबांना काय हवं ते दोघांनी वेगवेगळं लिहायचं. बाबा तिथेच खुर्चीत पेपर वाचत होते. दोघांनी लिहिलं, घरी. मत जुळलं, मिटलं. बाबांना एकदा विचारू या का, असं धाकटा चाचरत म्हणाला, तर हिने समजावलं, की एकट्या माणसाचं मत म्हणजे फार कच्चा पुरावा. नळीचा दिवस ठरला. सामानाला जागा हवी म्हणून बाबांचं कपाट खोलीबाहेर निघालं.

तेव्हा कुठे बाबांनी पेपर खाली ठेवला. "मी नळी बसवून घेणार नाही."

"अहो बाबा, घरी केलं की लोकांना मोकळं वाटतं. सगळे अभ्यास तेच सांगतात."

"मग त्या लोकांना बसवा. मला तिथेच जायचंय. शेजारच्या खाटेवर तो घड्याळजी असतो, आमचं भांडण अर्धवट राहिलंय. तिथे माझ्याशी बोलतात गं. इथे तुम्ही माझ्याबद्दल बोलता."

थोरलीने हे कुठल्या रकान्यात घालावं, ते सवयीने शोधून पाहिलं, रकाना काही सापडेना. मग तिने फोन करून नळीचा दिवस रद्द केला आणि कपाट आत ढकलायला भावाला हाक मारली.

पुढच्या खेपेला बाबांना पोचवायला तीच गेली. घड्याळजी आधीच येऊन आडवा झाला होता. हे दोघं भांडतात तरी कशावरून, म्हणून ती खाटेपाशी रेंगाळली, हात आपसूक पर्समधल्या पेनाकडे गेला. बाबांनी ते बरोबर टिपलं.

"तू बाहेर बस," ते म्हणाले.

ती बाहेर बाकावर बसली. आत दोघांचे आवाज चढत गेले, पण दार लावलेलं होतं.