काळ्या स्क्रीनवरचं टायपिंग

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिला तिखटमीठ लागेल, म्हणून आता मीच सांगून टाकतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्यात एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो आणि कॉम्प्युटर खोलीची किल्लीही माझ्याकडे होती. ज्याच्याकडे किल्ली तो तज्ज्ञ, असा तो काळ. तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस 'मला येत नाही' म्हणतो का?

एका मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं. छान चालत होतं. मुलं आळीपाळीने त्यावर प्रॅक्टिकल करायची आणि शनिवारी त्यांची परीक्षा होती. सोमवारी एका मासिकाबरोबर लिनक्सच्या नव्या आवृत्तीची सीडी फुकट आली. परीक्षा पाच दिवसांवर असताना शहाणा माणूस ती सीडी कपाटात ठेवतो. मी ती मशीनमध्ये घातली.

तासाभराने अपग्रेड झालं, मशीन पुन्हा सुरू झालं आणि स्क्रीन काळी पडली. नुसती काळी. आत पंखा फिरतोय, बाहेर अमावस्या.

माझा मित्र प्रकाश जळगावला, मेहरूणमध्ये राहायचा आणि कॉम्प्युटरचंच काम करायचा. गेटसमोरच्या एसटीडी बूथवरून त्याला फोन लावला.

"नव्या आवृत्तीने ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर चुकीचा धरलाय," तो म्हणाला. "मशीन जिवंत आहे. कंट्रोल, आल्ट आणि एफ-वन एकदम दाब, साधी अक्षरांची स्क्रीन येईल."

"आणि नाही आली तर?"

"तर न बघता टाइप कर. आधी रूट, मग तुझा पासवर्ड, मग मी सांगतो त्या चार कमांडा. जुन्या ड्रायव्हरची फाईल जागेवर बसेल."

रूट म्हणजे त्या मशीनचा मालक. कॉलेजात मशीनचा मालक मी होतो. पासवर्ड होता शेवभाजी. हसू नका, तुमचे काय होते ते मला माहीत नाहीत.

परत आलो. आता खोलीचा नकाशा सांगायला हवा. ऑफिसात रंगकाम चालू होतं, म्हणून ऑफिसचा कॉम्प्युटर तात्पुरता माझ्या खोलीत, माझ्याच टेबलावर आणून ठेवला होता. त्यावर वत्सलाअक्का बसायच्या. तीस वर्षं टाइपरायटर बडवलेल्या बाई. त्या वेळी डबा खायला गेल्या होत्या. जाताना मशीन चालू ठेवून नुसती स्क्रीन बंद करून जायची त्यांची सवय. काच तापते म्हणायच्या.

मी कार्ड बघायला माझं मशीन उघडलं होतं, तेव्हा टेबलावरचं सगळं सामान इकडचं तिकडे सरकवलं होतं. मशीन परत बंद केलं, सुरू केलं, खुर्ची ओढली, कीबोर्ड पुढ्यात घेतला आणि ती तीन बटणं दाबली. काही नाही. मग रूट. मग शेवभाजी. मग चार कमांडा, प्रत्येकीनंतर एंटर. अगदी पियानो वाजवल्यासारखं, डोळे मिटून.

स्क्रीन काळीच.

पुन्हा बूथवर. प्रकाश म्हणाला, "कमांड दिल्यावर हार्ड डिस्कचा लाल दिवा लुकलुकतो का?"

मी दिव्याकडे पाहिलंच नव्हतं. पण तज्ज्ञ माणसाने तसं कसं सांगायचं? "लुकलुकतो की," मी म्हणालो.

"मग टाइप करताना चुकत असशील. कीबोर्ड नीट लागलाय ना?"

"प्रकाश, मी काय पहिलीत आहे का?"

"बरं बाबा. परत सगळं दे."

परत सगळं दिलं. मग स्वतःच्या बुद्धीने तिसऱ्यांदा दिलं, सावकाश, एकेक अक्षर उच्चारत. खोलीत कुणी नव्हतं. शेवटी वैतागलो. कुणाला दिसणार आहे, असं म्हणून इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, 'मी गाढव आहे', आणि एंटर मारलं. खरं सांगतो, बरं वाटलं. मग चहाला गेलो आणि चांगला अर्धा तास बसलो.

परत आलो तर अक्का आपल्या जागेवर होत्या आणि पुढ्यातला कागद लावून टाइप करत होत्या. माझ्यासमोर मात्र कीबोर्डच नव्हता.

"अक्का, माझा कीबोर्ड पाहिलात का?"

"तुमचा तो काय, मासिकाखाली. मघा माझाच ओढून घेतला होता वाटतं तुम्ही. मी परत घेतला."

मासिक उचललं. खाली माझा कीबोर्ड शांतपणे पडला होता. मी तो पुढे ओढला आणि ती तीन बटणं दाबली. स्क्रीन लख्ख उजळली. लॉगिन विचारत होती. चार कमांडा दिल्या, ड्रायव्हर बसला, दोन मिनिटांत सगळं जागेवर. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी विचार करत होतो, की मग मघाचं सगळं गेलं कुठे?

"अक्का, तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मशीनवर काय उघडं होतं?"

"तुमचीच नोटीस की. शनिवारच्या परीक्षेची. 'विद्यार्थ्यांनी खालील कमांडांचा सराव करावा' एवढी ओळ झाली होती. येऊन बघते तर खालची यादी तुम्हीच टाइप करून ठेवलेली. म्हटलं, बरं झालं, सरांनी माझं काम हलकं केलं."

"मग?"

"मग काय, छापली. प्राचार्यांची सही घेतली. बोर्डावर लागलीसुद्धा."

"अक्का, ती शेवटची ओळ तुम्ही वाचली नाही?"

"वाचली ना. जरा वेगळी वाटली. पण तुमच्या लिनक्समध्ये कॅट नावाची कमांड आहे, तुम्हीच सांगितलं होतं. मांजर असतं, तर गाढवही असेल, म्हटलं."



मी बोर्डाकडे निघालो. वाटेत शिपाई दगाभाऊ भेटला. तो साक्रीकडचा, अहिराणीतच बोलायचा. "सर, तुमनी नोटीसजोडे गर्दी व्हई गई," तो कौतुकाने म्हणाला. "बठ्ठा पोरे लिखी ऱ्हायनात."

खरंच लिहून घेत होते. परीक्षेची यादी म्हटल्यावर कोण सोडतो? सगळ्यात वर रूट, खाली शेवभाजी, मग चार कमांडा, पुन्हा रूट, पुन्हा शेवभाजी. मशीनच्या तिजोरीची किल्ली मी कॉलेजच्या शिक्क्यानिशी भिंतीवर टांगली होती. फाडावी, तर खाली प्राचार्यांची सही.

सही करणाऱ्यांच्याच केबिनमध्ये गेलो. प्राचार्य संस्कृतचे, मोठे सज्जन गृहस्थ. त्यांच्या टेबलावर नोटिशीची प्रत होती.

"या, या," ते म्हणाले. "ही शेवभाजी कमांड काय करते हो?"

"आत घेते, सर."

"मग तीन वेळा का?"

"पहिल्या दोन वेळा घेत नाही, सर."

त्यांनी मान डोलावली. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट क्षणभर थांबलं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "तंत्रज्ञान नम्रता शिकवतं, असं ऐकून होतो." त्यांना किती कळलं होतं, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. नोटीस बदलायची परवानगी मात्र मिळाली. मी आधी पासवर्ड बदलला, मग नवी नोटीस लावली. प्रकरण मिटलं, असं धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सरावाचं प्रॅक्टिकल होतं. पिंपळनेरहून आलेली मंगला नावाची मुलगी वर्गात सगळ्यात मेहनती. नव्या नोटिशीवर तिचा विश्वास नव्हता. जुनी मोठी होती, म्हणजे तीच खरी, असा तिचा हिशेब. वही उघडी ठेवून ती मशीनवर बसली आणि थोड्या वेळाने तिने हात वर केला.

"सर, एक अडचण आहे. मी गाढव आहे."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"म्हणजे ती कमांड, सर. दहा वेळा दिली. मशीन म्हणतं, अशी कमांड सापडत नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायची ती वेळ होती. पण खोलीची किल्ली अजून माझ्याच खिशात होती.

"तुला नाही चालणार," मी म्हणालो. "ती फक्त रूटला चालते."

"रूट म्हणजे तुम्हीच ना, सर?"

"हो."

तिने मान हलवली, पेन काढलं आणि वहीत त्या ओळीपुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं: फक्त सरांसाठी.