उपाशी जंतूचं वर्तुळ

आज काचेच्या बशीत पुन्हा ते वर्तुळ दिसलं. असेल रुपयाच्या नाण्याएवढं, पण मला रंकाळा तलावाएवढं वाटलं.

तीस वर्षं जिथे गेलो तिथली माती मी पुडीत बांधून आणली. स्वतःच्या लग्नात मांडवाच्या खांबाखालची माती उकरताना भटजींना मंत्र थांबवायला लावले होते. त्याच मातीतल्या एका जंतूने भोवतालचे रोगजंतू मारून असं स्वच्छ रिंगण आखलं. मग मी त्याला जावयासारखं खाऊ घातलं आणि त्याने रोगजंतू मारणारं ते औषध बनवणंच सोडलं. निवृत्तीला आठवडा उरला होता आणि माझ्या आयुष्यभराचं काम बशीत ढेकरा देत पडलं होतं.

माझी विद्यार्थिनी मेधा म्हणाली, "सर, ह्याची साखर तोडा. भरल्या पोटी कोण कशाला भांडेल?"

तोडली. आज वर्तुळ उमटलं. खाणं संपत आलं की ह्या जिवाला काहीतरी सुचतं. माणसाचंही तसंच असेल का, ते मला सांगता येणार नाही. मी अभ्यास जंतूंचा केला.

दुपारी निरोपाच्या पंगतीत मेधाने श्रीखंडाचं पातेलं पुढे केलं. "सर, आणखी वाढू?"

"नको," मी म्हणालो. "उद्यापासून मला काहीतरी करायचंय."