राहेलबाईंचा खोकला

मेहकरच्या दवाखान्यात असलेल्या राहेलबाई गेल्याची बातमी मला तिकडून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं दिली. चिखलीच्या स्टँडवर गाडी उभी करून तो माझ्या दारापर्यंत चालत आला आणि म्हणाला, "पाळकसाहेब, तुमच्या बाई गेल्या... आज सकायी." मी दिलेलं पाणी तो उभ्यानंच प्यायला आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेला. त्याला आता पाच-सहा आठवडे झाले.

राहेलबाई आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या बायबलबाई होत्या. म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, अक्षरं शिकवायची, आजाऱ्याजवळ बसायचं. मी पाळक म्हणून चिखलीला आलो तेव्हा माझी तिशीही झाली नव्हती आणि त्यांची पन्नाशी उलटली होती. त्यांना एक खोड होती. कोणी माझ्या तोंडावर माझी स्तुती करू लागला की त्या खोकायच्या. छाती ठणठणीत, खोकला तेवढ्यापुरताच. मला त्याचा मनस्वी राग यायचा.

राज्य नवं होतं, जिल्हा परिषदेची पहिलीच निवडणूक तोंडावर आली होती. तिला उभे राहणारे आबासाहेब रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसू लागले. मोठी शेती, घरची जीप, बोलणं साखरेसारखं. "असा शिकलेला पाळक आमच्या भागाले पह्यल्यांदाच भेटला," ते म्हणत, आणि आत माझ्या पत्नीजवळ बसलेल्या राहेलबाई खोकत. आमच्या प्रार्थनाघरावर पत्रे टाकून द्यायचंही आबासाहेबांनी कबूल केलं होतं. मोठ्या माणसांत ऊठबस असली तर मंडळीचंच भलं होईल, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं सांगायचं तर मला ते सगळं आवडत होतं. बाईंनी एकदाच विचारलं, "साहेब, हा मानूस तुमाले कधी नाही म्हनते काय?"

"नाही म्हणायचं कारणच काय?"

"मंग तो दोस्त कायचा?"

जानेफळकडच्या एका वस्तीवर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रभुभोजन, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीचा भाकरीचा घास, द्यायला जात असे. फाट्यापर्यंत एसटी, पुढे कोसभर पायी. त्या रविवारी आबासाहेबांनी दारात जीप पाठवली. बाई म्हणाल्या, "तुमी या जीपनं, मी यष्टीनं येते." मी जीपमधून थेट वस्तीच्या मधोमध उतरलो. त्या दिवशीचं प्रवचन, हसू नका, चांगल्या संगतीवर होतं. ते झकास झालं असंच मला वाटत होतं. मग मी भाकर मोडली, तबक पुढे केलं... आणि कोणी हात पुढे करेना. मनात कोणाविषयी अढी असेल तर प्रभूच्या मेजाजवळ यायचं नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं. ते माझंच ऐकत होते. एकट्या राहेलबाईंनी घास घेतला, बाकीचं मी फडक्यात बांधून घेतलं.

बाहेर येऊन मी बाईंवरच उखडलो. "मी काय कोणाचा प्रचार केला?"

"तुमी नाही केला, जीपनं केला. गेल्या उन्हायात याच आबासाहेबाच्या मानसाईनं इथल्या बायाईले विहिरीवरून हाकललं, घागरी फोडल्या. तुमी कोनाच्या गाडीतून उतरले, थे लोकाईनं आधी पाह्यलं. प्रवचन मंग आयकलं."

"मग मला आधी काऊन नाही सांगितलं?" रागात मीही त्यांच्याच बोलीत घसरलो.

"अजून किती खोकू, साहेब?"

जीप मी रिकामी परत पाठवली आणि बाईंबरोबर फाट्यापर्यंत चालत गेलो. आबासाहेब पुन्हा ओसरीवर आले नाहीत, पत्रेही आले नाहीत, आणि प्रार्थनाघर पुढचे दोन पावसाळे गळत राहिलं. वस्तीवर मी घरोघर जाऊन माफी मागितली. पुढच्या महिन्यातही तबक तसंच परत आलं. तिसऱ्या महिन्यात, जिची घागर फुटली होती ती म्हातारी सखूबाई सगळ्यांच्या आधी पुढे आली. मी तिच्या हातावर भाकर ठेवली.

पुढे बाईंनीच मला एक सोबती शोधून दिला. हिवरा आश्रमाजवळचा रामभाऊ माळी, चिखलीच्या बाजारात भाजी आणणारा. "याच्याजवळ बसत जा. हा तोंडावर बोलते," एवढीच त्यांची शिफारस. त्याला आमचं शास्त्र ठाऊक नाही. पण पहिल्याच भेटीत त्यानं मला सांगितलं होतं की मी फार लांबण लावतो.

गेल्या महिन्यात बाईंची स्मरणसभा झाली. त्यांची चटई दाराजवळ नेहमीच्या जागी कोणीतरी अंथरली होती आणि तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. एक वक्ते म्हणाले, "साधी बाई, पण पाळकसाहेबांच्या सहवासानं घडली." माझी नजर आपोआप चटईकडे गेली. मी वाट पाहिली. सभा शांत होती... त्या क्षणी मला बाई गेल्याचं खरंखुरं कळलं.

शेवटी मीच खोकलो. वक्ते थांबले. मग मी उठलो आणि कोणी कोणाला घडवलं ते सांगण्यासाठी जीपची गोष्ट, गळणाऱ्या छपरासकट, सगळी सांगितली. बाहेर आल्यावर रामभाऊ डोळे पुसत म्हणाला, "बराबर बोलले साहेब. पन लय लांबवलं."